रोजची अठरा मिनिटं

दुसऱ्याच्या ताटात आणि दुसऱ्याच्या पत्रात डोकावू नये, हे स्वानंदीच्या आईनं तिला लहानपणीच शिकवलं होतं. फोनचं वेगळं सांगितलं नव्हतं, पण तोही त्यातच येतो हे कळण्याइतकी स्वानंदी मोठी होती. वय एकोणतीस, गाव पुणे, काम लायडनच्या सायन्स पार्कमध्ये प्रथिनांवर संशोधन. शिष्टाचाराच्या बाबतीत तिला कुणी बोल लावावा असं आजवर काही घडलं नव्हतं.

पण त्या मंगळवारी सकाळी तिचा इलाज चालला नाही. डेल्फ्टच्या फलाटावर पाऊस आडवा येत होता. नेदरलँड्सचा पाऊस वरून पडतच नाही, समोरून येतो, आणि छत्रीला विचारतही नाही. त्यातून गाडी आली ती नेमकी कमी डब्यांची. समोर आला त्या डब्यात ती घुसली आणि एकुलत्या एक रिकाम्या जागेवर जाऊन बसली. मग खिडकीच्या काचेवर लिहिलेलं ‘स्टिल्टे’ तिला दिसलं. म्हणजे शांततेचा डबा. इथे फोनवर बोलायचं नाही, शेजाऱ्याशी बोलायचं नाही, शिंक आली तरी जरा बेतानंच द्यायची.

शेजारी खिडकीला टेकून एक तरुण बसला होता. सावळा, कुरळ्या केसांचा, मांडीवर पाव-चीजचा डबा आणि हातात फोन. फोनवर एक जपानी मालिका चालू होती. स्वानंदीची नजर चुकून तिकडे गेली… आणि मग चुकून तिथेच राहिली.

एका छोट्या बेटावरचं सार्वजनिक न्हाणीघर. ते चालवणारी तरुण विधवा पायऱ्या घासत होती. खांद्यावर टॉवेल टाकलेला बॉयलर दुरुस्त करणारा माणूस दारात उभा होता. दोघं एकमेकांकडे बघत नव्हती, पण न बघण्याची काय ती तऱ्हा! खाली इंग्रजी अक्षरं उमटत होती. माणसानं टोपी काढली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं — आणि लायडन आलं. स्वानंदीला उतरावं लागलं. दिवसभर तिनं परीक्षानळ्यांवर चुकीची लेबलं लावली.

बुधवारी ती योगायोगानं त्याच डब्यात चढली. योगायोगाला थोडी मदत करावी लागते, तशी तिनं केली. तो तिथेच होता, आणि शेजारची जागा रिकामी होती. ती बसली तसा त्यानं तिच्याकडे न बघता फोन डाव्या हातात घेतला, दोघांच्या मधोमध धरला, इअरफोनचं एक टोक तिच्याकडे सरकवलं आणि अक्षरं मोठी केली. बस, एवढंच केलं. स्वानंदीचे कान गरम झाले. म्हणजे काल त्याला सगळं कळलं होतं तर!

गुरुवारी तिच्या पुढ्यात एक पिवळी चिठ्ठी आली. इंग्रजीत लिहिलं होतं: ‘तुमचे पहिले तीन एपिसोड बुडाले आहेत. हा बॉयलरवाल्यावर अन्याय आहे. पहिल्यापासून सुरू करू का? माझेही चारच बघून झालेत.’ खाली नाव होतं, अनिमेष.

तिनं पर्समधून पेन काढलं. ‘चालेल. पण एक नियम. कुणीही एकट्यानं पुढचं बघायचं नाही.’

त्यानं खाली सही ठोकली आणि पुढच्या मंगळवारी फोन पहिल्या एपिसोडवर नेला.

मंगळ, बुध आणि गुरू हे दोघांचेही ऑफिसला जायचे वार. डेल्फ्ट ते लायडन अठरा मिनिटं. तो रॉटरडॅमहून यायचा आणि पुढे हार्लेमला जायचा, पण डेल्फ्ट येईपर्यंत फोन खिशातच ठेवायचा. तीन सकाळी मिळून एक एपिसोड पुरा व्हायचा. जपानात आठवड्याला एक एपिसोड दाखवतात, तोच हिशेब इथे आपोआप जुळला. मालिका दहा एपिसोडची होती. तिकडे एकदा संपलं की संपलं, पुन्हा दुसरा भाग वगैरे काढत नाहीत.

अनिमेष नाव वाचून तिनं मनाशी ठरवलं होतं की हा बंगाली असावा. दुसऱ्या आठवड्यात तिच्या आईचा फोन आला. स्वानंदी तोंडावर हात धरून कुजबुजली, “आई, गाडीत आहे गं, नंतर करते.” तेवढ्यावरही समोरच्या बाकावरच्या बाईंनी विणकामाची सुई उचलून काचेवरच्या अक्षरांकडे दाखवली. साठीच्या, चांदीसारखे केस, नजर हेडमास्तरणीची. स्वानंदीनं माफीचं हसू केलं आणि फोन बंद केला.

पिवळी चिठ्ठी आली. या वेळी रोमन अक्षरांत, पण मराठी: ‘नाश्ता केला ते आईला सांगायचं राहिलं. आता त्या परत फोन करतील.’

फोन खरंच परत थरथरला. स्वानंदीला असं हसू फुटलं की ते दाबता दाबता डोळ्यांत पाणी आलं, आणि विणकामवाल्या बाईंची सुई पुन्हा वर झाली.

तो आइंडहोवनमध्ये वाढला होता. वडील चिप बनवायच्या यंत्रांवर काम करायला नाशिकहून आले आणि इथलेच झाले. हे सगळं तिला चिठ्ठ्यांमधूनच कळलं. ‘मी पक्का इथला आहे,’ त्यानं लिहिलं, ‘दुपारी थंड पाव खातो आणि तो मला आवडतो.’

‘अरेरे,’ तिनं लिहिलं. ‘मग जपानी मालिकांचं वेड कुठून?’

त्यावर त्यानं नवी चिठ्ठी घेतली. मग लिहिलं: ‘इथे सगळे सगळं तोंडावर बोलतात. शाळेत, ऑफिसात, सगळीकडे. घरी आई-बाबा काहीच बोलत नाहीत. मला वाटायचं, यांच्यात काही नाहीच. मग एकदा एक जपानी मालिका बघितली. त्यात एक नवरा बायकोच्या चपला पावसातून उचलून आत ठेवतो. तेवढंच. मला एकदम बाबा दिसले.’

स्वानंदीनं ती चिठ्ठी उतरताना पर्समध्ये टाकली. का टाकली, ते तिनं स्वतःला विचारलं नाही.

चौथ्या आठवड्यात बॉयलर दुरुस्त होऊन गेला होता, तरी बॉयलरवाला दर बुधवारी येतच होता. स्वानंदीनं त्याचं नाव ‘बॉयलरराव’ ठेवलं. बॉयलरराव एकदा दारातून निघाले आणि एक शब्द बोलले. त्यावर ती बाई आत जाऊन रडली. पडद्यावर अक्षरं आली: ‘बाय.’

‘बाय म्हटल्यावर कुणी रडतं का?’ अनिमेषनं लिहिलं.

पुण्यात दर तिसऱ्या घरात कुणीतरी जपानीच्या दोन परीक्षा दिलेल्या असतात. स्वानंदीच्या घरात ती तीच होती. तिनं झरझर लिहिलं: ‘तो बाय म्हणत नाहीये. जाऊन येतो म्हणतोय. हे स्वतःच्या घरातून निघताना म्हणायचं असतं, गिऱ्हाईक असं म्हणत नाही.’

त्यानं ते दोनदा वाचलं. ‘बाबा रोज सकाळी दारातून “येतो गं” म्हणायचे,’ त्यानं लिहिलं. ‘मला वाटायचं, हा माणूस जातोय आणि येतो काय म्हणतोय?’ आणि मग त्यानं पहिल्यांदा मान वळवून सरळ तिच्याकडे बघितलं. डोळे तपकिरी होते. लायडन येईपर्यंत पडद्यावर काय झालं ते दोघांनाही कळलं नाही, दुसऱ्या दिवशी परत मागे जावं लागलं.

पाचव्या आठवड्यात विणकामवाल्या बाईंनी सुई उचलली तेव्हा दोघं दचकली. दोघांपैकी कुणीच बोललं नव्हतं. बाईंनी सुईनं फोन जरा उजवीकडे वळवायची खूण केली. पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा मागून घेतला आणि लिहिलं: ‘तुमच्या मागच्या काचेत मला सगळं उलटं दिसतं. हा माणूस सरळ विचारत का नाही? माझ्या नवऱ्यानं मला चार मिनिटांत विचारलं होतं.’ तेव्हापासून फोन तिघांना दिसेल असा ठेवला जाऊ लागला.

सहाव्या आठवड्यात अनिमेषनं तिचा इ-मेल मागितला. बघायलाच हव्यात अशा सात मालिकांची यादी पाठवायची होती म्हणे. यादी आली. यादीखाली आणखी काही असेल म्हणून स्वानंदीनं चारदा खाली सरकवून बघितलं. काही नव्हतं.

आणि आठव्या आठवड्यात ती चिठ्ठी आली. ‘मला आइंडहोवनला नोकरी मिळाली. एक तारखेपासून. आई-बाबा खूश आहेत.’

आठवा एपिसोड चालू होता. स्वानंदीनं मनात आकडे मोजले. दहावा एपिसोड संपेल त्याच गुरुवारी त्याची या गाडीतली शेवटची फेरी. तिनं पेन घेतलं, ‘अभिनंदन’ लिहिलं, शेजारी हसरा चेहरा काढला. तो चेहरा काही नीट आला नाही.

“म्हणजे आठ आठवडे तुम्ही मांडीला मांडी लावून बसताय आणि एक शब्द बोलला नाहीत?” जुईनं कांदा चिरता चिरता विचारलं. जुई ही तिची डेल्फ्टमधली घरसोबतीण. पीएचडी करत होती, आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर असतं असं तिचं मत होतं.

“शांततेचा डबा आहे तो.”

“अगं, मग शेजारच्या डब्यात बसा की! सगळी गाडी काय मौन पाळते?”

“शेजारच्या डब्यात बसलं की बोलावं लागेल.”

“बोलावं लागेल म्हणजे?”

“आणि बोलल्यावर कळलं की त्याला नुसतीच मालिका आवडते, तर?” स्वानंदी म्हणाली. “मग ही अठरा मिनिटंपण जातील.”

जुईनं सुरी खाली ठेवली. “बाई गं. तू खरीच गेलीस कामातून.”

खरंच गेली होती. तिला तो आवडत होता. त्याच्या चिठ्ठ्या, त्याचं गालातल्या गालात हसणं, ती ओली होऊन आली की स्वतःचं दप्तर उचलून जागा कोरडी करणं, सगळंच आवडत होतं. आणि हे सांगायला जेमतेम सहा सकाळी उरल्या होत्या. त्यातल्या पाच तिनं काहीच न बोलता घालवल्या.

पाचव्या सकाळी, म्हणजे शेवटच्या बुधवारी, ती लॅबमध्ये पोचते न पोचते तोच कॅलेंडरमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत अजेंड्यात, निमंत्रण आलं. अनिमेषकडून. ‘गुरुवार, संध्याकाळी ५.४०. लायडन स्टेशन, फलाट आठ. विषय: बोलायचं आहे. कालावधी: १५ मिनिटं.’ खाली दोन चौकोन, स्वीकार आणि नकार.

“प्रपोज करतोय!” फोनवर जुई ओरडली.

“कॅलेंडरमध्ये?”

“डच वातावरणात वाढलेला मुलगा आहे. हे लोक सख्ख्या आईकडे चहाला जातानापण तीन आठवडे आधी वेळ घेतात.”

“प्रपोज करायला पंधरा मिनिटं कशाला लागतात? निरोप घ्यायला लागतात पंधरा मिनिटं,” स्वानंदी म्हणाली. “हात मिळवणार, छान ओळख झाली म्हणणार. एखादं चॉकलेट देणार.”

मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते खोटं नाही. संध्याकाळी सातला खिचडीची ताटली घेऊन ती सोफ्यावर बसली आणि तिनं लॅपटॉप उघडला. नियम तिनंच केला होता, तिनंच मोडला. दहाव्या एपिसोडची शेवटची अठरा मिनिटं तिनं एकटीनं बघून टाकली.

बघितली नसती तर बरं झालं असतं. न्हाणीघर बंद होतं. बॉयलरराव बोटीनं दुसऱ्या गावी जातात. ती बाई धक्क्यावर येते, उभी राहते, टॉवेलची घडी त्यांच्या हातात देते. बोलत नाही. बोट सुटते, तरी बोलत नाही. शेवटी ती रिकाम्या न्हाणीघराच्या पायऱ्या घासत बसते आणि नावं वर सरकायला लागतात.

“अगं बोल ना, बये!” स्वानंदी लॅपटॉपवर ओरडली. खिचडी गार झाली होती. ती बराच वेळ रडली, आणि हे रडणं त्या बाईसाठी नाही, हे तिला चांगलं कळत होतं.

गुरुवारी सकाळी चक्क ऊन होतं. अनिमेषनं तिच्यासाठी जागा धरली होती. इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी करताना हनुवटीला कापलं होतं. विणकामवाल्या बाईंनी त्या दिवशी सुया बाहेरच काढल्या नाहीत, सरळ चष्मा लावून बसल्या. त्यानं फोन खिडकीला टेकवला आणि बोट पडद्याकडे नेलं.

स्वानंदीनं पडद्यावर हात ठेवला.

“नको बघूस,” ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. दहा आठवड्यांत ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलत होती, आणि आवाज चिरका आला. “शेवट चांगला नाहीये. ती काहीच बोलत नाही त्याला.”

डब्यातल्या सगळ्या माना वळल्या. अनिमेष तिच्याकडे बघत राहिला. मग तोही बोलला, हळू, जरा जड जिभेनं.

“माहितीये.”

“माहितीये म्हणजे?”

“मी… हे तिसऱ्यांदा बघतोय.”

कुणीतरी ‘शूऽऽ’ केलं. ते विणकामवाल्या बाईंनी केलेलं नव्हतं. उलट त्यांनीच दोघांना दाराकडे जायची घाईघाईनं खूण केली आणि फोन स्वतःकडे ओढून घेतला.

दोन डब्यांच्या मध्ये, दाराजवळ, जिथे लोक सायकली ठेवतात तिथे ती दोघं उभी राहिली. बाहेरून हिरवी कुरणं पळत होती. इथे बोलायला परवानगी होती, तर दोघांच्या तोंडून शब्द फुटेना.

“तू लिहिलं होतंस, चारच बघितलेत,” शेवटी स्वानंदी म्हणाली.

“खोटं लिहिलं. पहिल्याच चिठ्ठीत.”

“का?”

“तू पहिल्या दिवशी उतरलीस ना, तेव्हा फलाटावर थांबून मागे वळून बघितलंस. माझ्याकडे नाही, फोनकडे. मला वाटलं, ही परत आली तर हिला पहिल्यापासून दाखवायचं. तेवढेच दहा आठवडे मिळतील.” तो थांबला. “आणि तू? नियम तुझा होता.”

“काल मोडला. तुझं ते निमंत्रण आलं म्हणून. निरोपाला पंधरा मिनिटं देतात का कुणी?”

“निरोप?” तो गोंधळला. “नाही गं! पाच मिनिटं बोलायला. आणि तू नाही म्हणालीस तर दहा मिनिटं… पुढची गाडी दहा मिनिटांनी असते ना. तेवढा वेळ कुठे उभा राहणार मी?”

स्वानंदीला हसू आलं. “मग आत्ता बोल.”

“आत्ता? अजेंड्यात संध्याकाळी आहे. मी अजून… पाठ करतोय.”

“अजेंडा गेला खड्ड्यात, अनिमेष.”

त्यानं दाराच्या दांडीला घट्ट धरलं. “मला मराठीत हे बोलायचे शब्द येत नाहीत. मला येतं ते सगळं स्वयंपाकघरातलं आहे. पसारा आवर. डोकं नीट पूस. गरम आहे तोवर खा. घरात ‘प्रेम’ हा शब्द मी एकदाही ऐकला नाही.”

“मग जे येतात त्यांत सांग.”

“सोमवारी आणि शुक्रवारी तू नसतेस,” तो म्हणाला. “त्या दिवशी मला सारखं वाटतं, ही जेवली असेल का? स्कार्फ भिजला असेल का? सायकलवरून घरी नीट पोचली असेल का? आणि मला कळायला काही मार्गच नाही. मला ते कळायला हवं, स्वानंदी. आइंडहोवनला गेलो तरी. रोज. खूप दिवस.”

गाडीचा वेग कमी होत होता. स्वानंदीनं त्याच्याकडे बघितलं. हनुवटीवरच्या त्या छोट्याशा जखमेकडेही बघितलं.

“मला तू आवडतोस,” ती म्हणाली. “मालिका नसती तरी आवडला असतास. शेवटपर्यंत गप्प राहणारी ती बाई मला व्हायचं नाहीये. माझं प्रेम आहे तुझ्यावर. हा घे, ऐकला ना एकदा तो शब्द?”

त्यानं ऐकला. त्याचे डोळे भरून आले. मग त्यानं दुसरा फोन काढला, ऑफिसचा, आणि तिच्यापुढे अजेंडा धरला. पुढच्या महिन्यातले सगळे शनिवार हिरवे केले होते आणि प्रत्येकावर लिहिलं होतं, ‘डेल्फ्ट?’

“थेट गाडी आहे,” तो म्हणाला. “दीड तासाच्या आत. प्रश्नचिन्ह काढू?”

“काढ. सगळी काढ.”

तो एकेक प्रश्नचिन्ह काढत बसला, आणि ती त्याच्या दंडाला टेकून बघत राहिली. गाडी केव्हा थांबली, दारं केव्हा उघडली आणि मिटली, दोघांनाही पत्ता लागला नाही. स्वानंदीनं वर बघितलं तेव्हा लायडन मागे पडलं होतं आणि दोन्ही बाजूंना फुलांची शेतं लागली होती.

हार्लेमला जाऊन, विणकामवाल्या बाईंकडून फोन परत घेऊन, तिथे फलाटावर आणखी बराच वेळ घालवून, उलट गाडीनं ती लॅबमध्ये पोचली तेव्हा सव्वादहा वाजले होते. नऊची मीटिंग होती. तिचा बॉस रूलोफ, सहा फूट चार इंचांचा, कॉफीचा मग घेऊन दारातच उभा होता. तो रागावला नव्हता, फक्त कारण विचारत होता.

“गाडीला उशीर झाला का?”

या देशात उशिराचं खापर गाडीवर फोडलं की कुणी पुढे विचारत नाही. स्वानंदीनंही दोन वर्षांत ते अनेकदा फोडलं होतं. आजही वाक्य तोंडाशी आलं होतं.

“नाही,” ती म्हणाली. “गाडी वेळेवर होती. मी प्रेमात पडलेय, म्हणून उतरायचं राहिलं.”

रूलोफनं कॉफीचा मग डाव्या हातात घेतला, उजवा हात पुढे केला आणि तिचा हात जोरजोरात हलवला.

“अभिनंदन,” तो म्हणाला. “मग मीटिंग साडेदहाला ठेवू?”

“ठेव,” स्वानंदी म्हणाली, आणि हसत हसत तिनं कोट काढला.